दम खाण्याची जागा

नगरपालिकेच्या नकाशावर तीन लाल टाचण्या.
पहिली धक्क्यावर, मासळी कंपनीच्या रिकाम्या गोदामापाशी:
जमीन फुकट, सपाट,
आणि वर्षातून दोनदा समुद्र आत येऊन खुर्च्या मोजून जातो.
दुसरी टेकडीवर, बंद पडलेल्या शाळेत.
तिसरी गावाबाहेर, हमरस्त्याला लागून,
जिथे चाळीस गाड्या उभ्या राहतील.
(गावात गाड्या एकोणीस. मोजणं हेच माझं काम.)

पुएर्तो ल्यान्केन.
चिलीच्या दक्षिणेला, जिथे जमिनीचे तुकडे पडून बेटं होतात.
खालचे जाळी दुरुस्त करतात, वरचे बटाटे काढतात,
साठ वर्षं एकमेकांच्यात मुली देतात
आणि लग्नाच्या जेवणातच भांडणाला बसतात.

गुरुवारच्या सभेत नोल्बेर्तो ओयार्सो उठला.
समाजकेंद्र खालीच हवं, म्हणाला, होड्या खालीच लागतात.
मागच्या बाकावरून कुणी म्हणालं,
मग शिवणाचे वर्गही होड्यांचेच घ्या.
खुर्च्या सरकल्या. शेगडीत कुणीतरी ओंडका घातला,
नको तेव्हा, नको तेवढा.
महापौरबाई चष्मा पुसत राहिल्या.
इतिवृत्तात मी लिहिलं: सविस्तर चर्चा झाली.

सकाळी फीत, खुंट्या, हातोडी घेऊन
धक्क्यापासून शाळेपर्यंतचं अंतर घ्यायला निघालो.
आठशे बारा मीटर,
आणि चढ असा की बोलणं आपोआप बंद होतं.
चारशे तिसाव्या मीटरला
उबेर्लिंडा ग्वेन्तेओ दगडावर बसलेली,
पायाशी पिठाची पिशवी.
बरं नाही का, विचारलं.
बरं आहे की, म्हणाली. दम खातेय.

मीही टेकलो.
वरून ओयार्सोची सून आली, सातवा महिना,
उतार तिला पायऱ्यापायऱ्यांनी खाली सोडत होता.
खालून रेमोल्कोयचा पोरगा शिंपल्यांची बादली घेऊन;
बादली ठेवली, बोटं झटकली,
चार शिंपले उबेर्लिंडाच्या पिठावर ठेवून गेला.
पोस्टमननं आमची पत्रं तिथेच वाटून टाकली,
तेवढीच चढण वाचली म्हणे.
दोन तासांत सतरा माणसं.
वरचा की खालचा, कुणी कुणाला विचारलं नाही.
विचारायला आधी श्वास लागतो.

दगड वरून गुळगुळीत आहे.
किती वर्षांच्या बसण्यानं तो असा झाला,
ते मोजायची फीत माझ्याकडे नाही.

पुढच्या गुरुवारी मी चौथी टाचणी लावली.
सान्तियागोहून आलेल्या इंजिनियरनं नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
बावीस अंशांचा उतार, म्हणाला,
नुसत्या आधारभिंतीतच तुमचं अनुदान संपेल.
त्याचं बरोबर होतं, हे सांगितलंच पाहिजे.
महापौरबाई म्हणाल्या, ही जागा नव्हे, ही वाट आहे.
हसले सगळे. मीही.

मग मतदान.
हमरस्त्याची जागा नऊ मतांनी जिंकली:
वरच्यांनी खालच्यांना मिळू नये म्हणून मत दिलं,
खालच्यांनी वरच्यांना.
साठ वर्षांतलं हे पहिलं एकमत, मी इतिवृत्तात लिहिलं
आणि खोडलं.

त्या संध्याकाळी परतताना
दगडाशेजारी एक खुंटी ठोकली.
कशासाठी, विचारू नका. हातोडी हातात होती.

आता तिकडे चाळीस गाड्यांच्या रेघा आखणं चाललंय.
इकडे खुंटीला कुणीतरी पिशवी अडकवायला लागलंय,
परवा एक ओली टोपी होती,
काल ओयार्सोच्या नातवाचं, आता झालेल्या, दुपटं.

नोंदवहीत एक खुंटी कमी भरते.
कारणाचा रकाना अजून कोरा आहे.